पुस्तकांच्या गोधडीचा कप्पा वाकतो, त्यावर उपाय

पुस्तकांच्या कपाटाचं चित्र असलेली गोधडी भेट म्हणून शिवायला घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. कापडाच्या पट्ट्या, म्हणजे पुस्तकांचे कणे, सुट्या असताना सरळ असतात. एकेक जोडत गेलं की दहा-बारा पुस्तकांनंतर रांग एका बाजूला झुकते आणि कप्पा पुरा होईपर्यंत तिची कमान होते. मग फळीची तपकिरी पट्टी लावताना एका टोकाला ओढाताण आणि दुसऱ्या टोकाला चुण्या. ताणून बसवली तर मापाला बसते, पण पहिल्या धुण्यानंतर फळीला झालर येते. उसवून पुन्हा शिवलं तरी कमान तशीच.

ती तशीच राहते, कारण आपण शेवटची शिलाई उसवतो आणि दोष पहिल्या पट्टीपासून साठत आलेला असतो.

एक गोष्ट आधी समजून घेऊ. कपाटाची ही रचना अमेरिकेतल्या क्विल्ट करणाऱ्यांमध्ये खूप चालते आणि नमुने तिकडूनच आपल्याकडे येतात. ते लिहिताना एकाच वजनाचं, घट्ट विणीचं सुती कापड आणि फिरत्या पात्याचा कटर गृहीत धरलेला असतो. आपण एका रांगेत काय बसवतो? आजीची मऊ पडलेली नऊवारी, ब्लाऊजमधून उरलेला खण, शाळेच्या गणवेशाचं टेरिकॉट, बाबांच्या शर्टाचं पॉपलिन आणि जीन्सचा पाय. भेटीची सगळी गंमत त्यातच आहे, त्यामुळे कापडं बदला असं मी सांगणार नाही. पण नमुन्यातली मापं या कापडांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

उसवण्याआधी तीन ठिकाणी मोजा

रांगेला उलट्या बाजूनं इस्त्री करा आणि फरशीवर पसरा. फरशीच्या दोन लाद्यांमधली रेघ ही घरातली सगळ्यात भरवशाची सरळ रेघ, तिला रांगेची खालची कड लावा. आता टेपनं रांगेची लांबी तीनदा मोजा: वरच्या कडेला, मधोमध आणि खालच्या कडेला. तिन्ही आकडे लिहून ठेवा. उसवायचं कुठे, हे या तीन आकड्यांवरून ठरतं.

तिन्ही सारखे आहेत पण ठरवलेल्या मापापेक्षा कमी, तर मार्जिन, म्हणजे शिलाईबाहेर सोडलेली कड, जास्त घेतली जाते आहे. वरचा आणि खालचा आकडा वेगळा, तर शिलाई तिरकी जाते आहे किंवा सगळ्या टिपा एकाच दिशेनं मारल्या आहेत. ही खरी कमान. वर-खाली सारखं आणि मध्येच कमी, तर बहुधा कण्यांवरच्या भरतकामानं कापड आवळलं आहे. मध्ये जास्त, तर मऊ कापड इस्त्रीनं ताणलं गेलं आहे. दोन दोष एकत्रही असतात. मऊ साड्या आणि भरतकाम दोन्ही असलेल्या रांगेत तर हमखास. अशा वेळी चार-चार पुस्तकांचे गट सुटे मोजा, म्हणजे गडबड कुठल्या गटात आहे ते कळेल.

मार्जिन: अर्ध्या सुताचा हिशेब

क्विल्टच्या नमुन्यांत मार्जिन पाव इंच असते, म्हणजे दोन सूत. ब्लाऊज शिवणाऱ्या हाताला ही मार्जिन फार कमी वाटते आणि नकळत अर्धा सूत जास्त घेतली जाते. ब्लाऊजमध्ये ते चालून जातं, कारण तिथे चार-सहाच शिलाया असतात. इथे हिशेब वेगळा. मांडीवर घ्यायची 48 बाय 60 इंचांची गोधडी धरा. पुस्तकाची सरासरी रुंदी दोन इंच, म्हणजे एका कप्प्यात 24 पुस्तकं आणि 23 शिलाया. प्रत्येक शिलाईला दोन्ही पट्ट्यांकडून अर्धा-अर्धा सूत जास्त गेलं, म्हणजे शिलाईमागे एक सूत. 23 शिलायांचे 23 सूत, म्हणजे दोन इंच सात सूत. एक जाडजूड कादंबरी आणि वर एक सडपातळ कवितासंग्रह मावेल एवढी जागा गेली.

आपल्याकडच्या साध्या मशीनच्या फूटची, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाची, कड सुईपासून बरोबर पाव इंचावर असेलच असं नाही. म्हणून फूटच्या कडेवर भरवसा ठेवू नका. दोन-दोन इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारीशेजारी जोडा, इस्त्री करा. एकूण रुंदी पाच इंच आली पाहिजे आणि मधली पट्टी दीड इंच दिसली पाहिजे. कमी आली तर सुई टेपच्या पाव इंचाच्या खुणेवर हातानं उतरवून बघा आणि टेपचं टोक जिथे येतं तिथे मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावा. जुनं एटीएम कार्ड कापून चिकटवलं तर आणखी बरं, कापडाची कड त्याला टेकून सरकते. शटल उघडायची जागा तेवढी मोकळी सोडा, नाहीतर दर बॉबिनला सगळं उखडावं लागतं.

पट्टी चिकटवताना पाव इंचाला धागाभर कमीच ठेवा. शिलाईवर कापड दुमडतं तेव्हा त्या घडीतही थोडं जातं, जाड कापडात जास्त जातं. याच कारणानं इस्त्रीही महत्त्वाची. शिलाई आधी बंद स्थितीतच दाबून घ्या, मग मार्जिन एका बाजूला वळवून सुलट बाजूनं दाबा. इस्त्री उचलून ठेवायची, फिरवायची नाही. घडी पुरती उघडली नाही तर प्रत्येक शिलाईत पुन्हा थोडं-थोडं कापड अडकतं आणि मार्जिन बरोबर घेऊनही रांग आखूड निघते. जीन्स किंवा टेरिकॉट शेजारी असेल तर मार्जिन पातळ कापडाकडे वळवा. जाड कापड स्वतःवर दुमडून बसत नाही.

कमान कुठून येते

आता मुख्य दुखणं. मशीनचे दाते खालचं कापड ओढतात आणि फूट वरच्या कापडाला दाबून धरतो. त्यामुळे खालचं कापड किंचित पुढे जातं आणि वरचं किंचित मागे राहतं. टीप संपते तिथे वरच्या पट्टीचं टोक केसभर बाहेर आलेलं दिसतं, ते याच कारणानं. एका जोडाला हा फरक दिसतही नाही. पण प्रत्येक पुस्तक वरून खाली असंच शिवत गेलात, तर तेवीस जोडांचा फरक एकाच बाजूला जमतो.

त्यात हाताची एक सवय भर घालते. टीप संपत आली की शेवटच्या इंचात आपण पट्टी सोडून देतो. कापड किंचित सरकतं, टीप कडेकडे जाते आणि तिथली मार्जिन कमी होते. म्हणजे प्रत्येक पुस्तक खालच्या टोकाला थोडं जास्त रुंद. सगळी पुस्तकं तळाशी रुंद असली की रांग जपानी पंख्यासारखी उघडते.

उपाय तीन आणि तिन्ही करायचे. पहिला, दिशा बदलत राहा: एक जोड वरून खाली, पुढचा खालून वर. वरच्या टोकाला खडूनं बाणाची खूण केली तर गोंधळ होत नाही. दुसरा, लांब रांगेला एकेक पुस्तक जोडत बसू नका. आधी दोन-दोनच्या जोड्या, मग चार-चारचे गट, मग आठ. प्रत्येक गट झाला की मोजा आणि गुण्या लावून काटकोन बघा. तिरका निघाला तर तिथेच कडा छाटून सरळ करता येतो. चोवीस पुस्तकांची रांग वाकल्यावर छाटायला काही उरत नाही. तिसरा, शेवटच्या इंचात टाचणी किंवा दाभणाच्या टोकानं कापड दाबून धरा आणि सुई कापडाबाहेर जाईपर्यंत सोडू नका. टाका इंचाला 10 ते 12 ठेवा. लांब टाक्यानं शिलाई कडेला उघडते, फार बारीक टाक्यानं पातळ कापड आवळतं.

दोन वेगळ्या कापडांचा जोड असेल तर मऊ, ताणलं जाणारं कापड खाली, दात्यांच्या बाजूला ठेवा. दाते त्याचा फुगवटा सामावून घेतात. जाड कापडं जोडताना मशीनच्या डोक्यावरचा दाबाचा स्क्रू एखादा आटा सैल करून पाहा, बऱ्याच मशीनवर तेवढ्यानेच वरची पट्टी मागे राहणं कमी होतं. हा स्क्रू लोक वर्षानुवर्षं हलवतच नाहीत, त्यामुळे आधी थेंबभर तेल सोडावं लागेल.

मऊ साडी, निसरडा खण

जुनी सुती साडी कात्रीनं कापली की ती सरळ कापली गेली असा आपला समज असतो. तिचा धागा मात्र आधीच तिरका झालेला असतो. म्हणून काठाजवळ छोटा छेद देऊन साडी फाडून घ्या, ती आडव्या धाग्यावर सरळ फाटते. फाडताना आवाज न येता कापड जाळीसारखं सुटलं तर ते जिरलेलं आहे, त्याचा कणा करू नका. एखादा चांगला तुकडा हवाच असेल तर त्यामागे मलमल लावा. पट्ट्या कापताना कण्याची लांबी उभ्या धाग्यावर येऊ द्या, म्हणजे काठाला समांतर. त्या दिशेला कापड सगळ्यात कमी ताणलं जातं.

आणखी एक फसवी जागा म्हणजे घडी. कापड दुहेरी घडी घालून कापताना घडी काठाशी काटकोनात नसली, तर उलगडल्यावर पट्टी मध्ये मोडलेली दिसते. लांब पट्टी कापून तिचे कणे पाडणार असाल तर त्या मोडावरचा तुकडा सरळ टाकून द्या.

खण म्हणजे या गोधडीतलं सगळ्यात देखणं पुस्तक. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण नावाजलेला, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. त्याचा अंगचा बुट्टा जुन्या कापडी बांधणीच्या पुस्तकासारखा दिसतो. पण पारंपरिक खणात एका दिशेला रेशमी आणि दुसऱ्या दिशेला सुती धागा असतो, बाजारात पॉलिएस्टरचाही भरपूर मिळतो. तो निसरतो आणि कापलेल्या कडेचे दोरे सुटतात. खणाच्या मागे इस्त्रीनं चिकटणारं पातळ फ्युजिंग लावून मगच पट्टी कापा. इस्त्री मंद ठेवा आणि आधी कोपऱ्यावर तपासा.

मऊ साडीला फ्युजिंगपेक्षा खळ बरी. तांदळाची पातळ पेज गाळून तिच्यात कापड बुडवा, सावलीत वाळवा, किंचित दमट असताना इस्त्री करा. कागदासारखं कडक झालेलं कापड फारसं सरकत किंवा ताणलं जात नाही, भरतकामालाही सोपं जातं. गोधडी पूर्ण झाल्यावर मात्र खळ धुऊन काढा. पुस्तकांना लागणारी कसर खळीच्या कपड्यांनाही लागते, तिला दोन्हीतला स्टार्चच हवा असतो. पुस्तकांच्या गोधडीलाच कसर लागावी हा विनोद भेट घेणाऱ्याला आवडेलच असं नाही. पावसाळ्यात काम करत असाल तर खळ घातलेलं कापड चोवीस तासांत वाळत नाही आणि त्याला वास येतो. ग्रंथपाल दिन 12 ऑगस्टला असतो, त्या निमित्तानं भेट द्यायची असेल तर खळीचं काम मे महिन्यात उरकून ठेवा. ऑक्टोबरातल्या वाचन प्रेरणा दिनासाठी शिवणाऱ्यांना ही अडचण तुलनेनं कमी.

सगळी सुती कापडं आधी धुऊन आटवून घ्या, हे वेगळं सांगायला नको. नवं सुती कापड शंभराला तीन ते पाच आटू शकतं, हातमागाचं त्याहून जास्त. आजीची साडी शंभर वेळा धुतलेली, ती आता आटणार नाही. शेजारचं नवं पॉपलिन आटणार. चुण्या तिथेच पडतात.

कण्यावरची अक्षरं

नावं भरायची असतील तर देवनागरीची एक अडचण इंग्रजी नमुन्यांत कुठेच सापडणार नाही. आपल्या अक्षरांना शिरोरेषा असते. कण्यावर नाव आडवं फिरवून लिहिलं की ही शिरोरेषा शिलाईला समांतर धावते. पट्टी केसभर जरी तिरकी असली तरी शेजारची सरळ रेघ तिची चुगली करते. रोमन अक्षरं थोडी वर-खाली झाली तर कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून क्रम उलटा करा. पट्टी आधी कापून मग भरायची नाही. भरपूर रुंद तुकड्यावर आधी शिरोरेषा धाग्याच्या दिशेत आखा, रिंग लावून भरा, जाड टॉवेलवर उलटं ठेवून इस्त्री करा, आणि मग शिरोरेषेपासून दोन्ही बाजूंना मोजून पट्टी कापा. भरतकामानं कापड आवळतंच. आधी कापलेली पट्टी मध्ये अर्धा-एक सूत अरुंद होते, दहा कण्यांवर नावं असली की मधल्या मापातली ती सगळी तूट इथून आलेली असते. शिरोरेषेला उलटी टीप घाला, अक्षरांच्या गोलाईला साखळी टाका. सगळंच साखळीनं भरलं तर दीड इंचाच्या कण्यावर अनुस्वार आणि काना एकमेकांत मिसळतात. दोन पदरी दोरा पुरतो.

नावं कोणती, हा तुमचा प्रश्न. छापील पुस्तकांपेक्षा घरातली मला जास्त आवडतात: हिशेबाची वही, आईच्या पाककृती, पत्रिकांची फाइल, एखाद्याच्या अर्धवट राहिलेल्या प्रबंधाचा विषय. प्रत्येक कण्यावर नाव घालू नका. चोवीसांतली सहा-सात पुरेत, बाकीच्या कण्यांवर साडीचे काठ आडवे लावले की सोनेरी छपाईचा भास होतो.

कलंडलेलं पुस्तक

बऱ्याच नमुन्यांत एक पुस्तक शेजारच्यावर रेललेलं असतं आणि तेच कप्पा बिघडवतं. तिरक्या पुस्तकाच्या दोन बाजूंना पार्श्वभूमीचे त्रिकोण येतात आणि त्रिकोणाची लांब कड उरेप, म्हणजे धाग्याला तिरकी, असते. उरेप कापड हात लावला तरी ताणलं जातं. त्यामुळे गट उंचीला वाढतो, छाटला की पुस्तक आणखी तिरकं होतं.

त्रिकोण मापात कापायचा प्रयत्न सोडा. खळ घातलेल्या कापडाचे मोठे तुकडे घ्या, पुस्तकाला दोन्ही बाजूंनी जोडा, दाबून इस्त्री करा, आणि मग सगळ्याचा मिळून एक आयत गुण्या लावून कापा. आयताच्या चारही बाहेरच्या कडा सरळ धाग्यावर येतील असं बघा, म्हणजे उरेप कड शिलाईत बंद होते. एका कप्प्यात एकच पुस्तक कलंडू द्या. दोन-तीन असली की कपाट भूकंपानंतरचं दिसतं.

वाकलेली रांग वाचवायची असेल तर

सगळं उसवायची गरज क्वचितच पडते. 48 इंचांच्या रांगेत वर-खाली दोन सुतांचा फरक असेल तर काही करू नका, धावदोऱ्यात तो जिरतो. इंचभरापर्यंत फरक असेल तर चार-पाच पुस्तकं सोडून एक अशा तीन-चार शिलाया निवडा, जास्त रुंद टोकाकडून अर्ध्यापर्यंत उसवा आणि तिथे मार्जिन हळूहळू वाढवत पुन्हा टीप मारा. ती पुस्तकं एका टोकाला किंचित निमुळती होतील. खरी जुनी पुस्तकंही फळीवर तशीच फाकलेली असतात. नाव भरलेल्या कण्याच्या शेजारची शिलाई मात्र निवडू नका, शिरोरेषा आहेच सांगायला.

फरक इंचापेक्षा जास्त असेल तर रांग दोन ठिकाणी शिलाईवरच वेगळी करा. तिन्ही तुकडे गुण्या लावून छाटा. लांबीत जी तूट येईल तिथे पुस्तकांऐवजी दुसरं काही बसवा: आडव्या रचलेल्या पुस्तकांची थप्पी, पितळी तांब्या, चष्म्याचं घर. थप्पी सगळ्यात सोपी, कारण ती म्हणजे आडव्या पट्ट्यांचा एक चौकोन, हव्या त्या मापाचा.

फळीची पट्टी लावताना एक नियम पाळा. रांगेच्या कडेला पट्टी धरून शिवत जायचं आणि उरेल ती कापून टाकायची, असं करू नका. झालर त्यातूनच येते. सगळ्या कप्प्यांच्या मधल्या मापांची सरासरी काढा, सगळ्या फळ्या त्या एका मापाच्या, उभ्या धाग्यावर कापा, फळीच्या आणि रांगेच्या मध्यावर आणि चौथाईवर टाचण्या लावा आणि रांग फळीच्या मापात बसवा. फळी रांगेच्या मापात नाही.

मशीनवरच जोडायला हवं का?

माझं मत विचाराल तर पहिलीच गोधडी असेल आणि कापडं मिश्र असतील, तर हा सगळा खटाटोप टाळावा. आपल्या गोधडीला मार्जिनचा हिशेब कधी लागलाच नाही. जुन्या साडीचं अस्तर पसरायचं, त्यावर तुकडे दुमडून ठेवायचे आणि धावदोरा घालत जायचं. जोड आणि भरण एकदमच. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या स्त्रिया कवंडी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात तीही अशीच: कडेपासून सुरुवात करून तुकडे लावत, धावदोरा घालत आत-आत जातात आणि मध्यावर संपवतात. प्रत्येक तुकडा थेट अस्तरावर बसतो, त्यामुळे एका तुकड्याची चूक दुसऱ्याच्या डोक्यावर चढत नाही.

पुस्तकांच्या कपाटाला हे सहज जमतं. कप्प्याच्या मापापेक्षा दोन-दोन इंच मोठा मांजरपाट किंवा मलमल घ्या, अर्थात आटवलेला. त्यावर कप्प्याची चौकट आणि दर सहा इंचांवर एक उभी रेघ आखा. पहिलं पुस्तक डावीकडे सुलट ठेवा, दुसरं त्यावर उलटं ठेवून उजव्या कडेला टीप मारा, उलटवा, दाबा. पुढचं तसंच. दर तीन-चार पुस्तकांनी उभी रेघ येते. कड तिच्यापासून हटलेली दिसली तर पुढचं पुस्तक थोडं तिरकं लावून तिथल्या तिथे भरून काढा. चूक सहा इंचांपलीकडे जातच नाही. खण आणि मऊ साडीलाही पाठबळ मिळतं, फ्युजिंगचा खर्च वाचतो. तोटा एवढाच की एक थर वाढतो. म्हणून मध्ये पॉलिफिल (भरणाचा कृत्रिम कापूस) अगदी पातळ घ्या किंवा घेऊच नका, दोन जुन्या सुती साड्या पुरतात. जाड पॉलिफिलनं पुस्तकं उशांसारखी फुगतात.

मधला थर आणि अस्तर लावताना चार-चार बोटांवर कच्चे टाके घाला. मशीनवर टीप मारणार असाल तर मध्यापासून बाहेर जा, आणि इथेही शेजारशेजारच्या ओळी उलटसुलट दिशेनं. हातानं धावदोरा घालणार असाल तर कण्यांच्या जोडांच्या कडेनं उभ्या ओळी घाला, आडव्या ओळी फक्त फळ्यांवर.

रंग, खुणा आणि भेट

धुताना रंग गेला तर वर केलेलं सगळं वाया. मीठ किंवा व्हिनेगर घालून सुती कापडाचा रंग पक्का होतो, हा समज इतका पसरला आहे की दुकानदारही तेच सांगतात. व्हिनेगर लोकर-रेशमाच्या काही रंगांना उपयोगी पडतं, तयार सुती कापडातल्या सुट्या रंगाला नाही. तो धुऊनच काढावा लागतो. लाल, गडद निळं आणि काळं कापड कोमट पाण्यात वेगवेगळं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग ओला तुकडा पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री फिरवा. फडक्याला डाग पडला तर त्या कापडाला कपाटात जागा नाही. निळीत रंगवलेलं अजरख किंवा हाताच्या छपाईचं निळं कापड धुताना स्वच्छ पाणी देतं तरी कोरडं घासलं की रंग सोडतं, म्हणून कोरड्या पांढऱ्या फडक्यानंही घासून बघा.

खुणा करायला शिंप्याचा खडू किंवा पाण्यानं जाणारं पेन वापरा. इस्त्रीच्या उष्णतेनं पुसलं जाणारं पेन सोयीचं वाटतं, पण त्याची शाई जात नाही, फक्त दिसेनाशी होते. कडाक्याच्या थंडीत ती परत दिसू लागते. गोधडी पुण्यातच राहणार असेल तर फरक पडणार नाही. ती टोरांटोच्या भाचीला किंवा मिनियापोलिसच्या मामेभावाला जाणार असेल, तर जानेवारीत गाडीच्या डिकीत राहिलेल्या गोधडीवर तुमच्या सगळ्या रेघा उमटू शकतात.

शेवटी कडेला गोट लावा, दोन इंच रुंद पट्टी दुहेरी दुमडून. कडा सरळ आहेत तेव्हा गोट उरेप असण्याची गरज नाही. मागच्या बाजूला एका कोपऱ्यात वाचनालयाच्या पुस्तकात असतो तसा कार्डाचा छोटा खिसा शिवा आणि त्यात कापडाचंच कार्ड घाला. कार्डाच्या एका बाजूला कुणाकडून, कुणाला, तारीख. दुसऱ्या बाजूला न पुसणाऱ्या शाईनं धुण्याच्या सूचना लिहा: गार पाणी, पहिले दोन वेळा वेगळी धुवावी, पिळू नये, सावलीत आडवी पसरून वाळवावी.